बंद स्क्रीनवरचा निरोप

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर भरपूर टिंगल केली आहे. स्टाफरूममध्ये कुणी असं काही सुरू केलं की मीच पहिली हसायची. तेव्हा आता तुम्ही मला हसलात तरी चालेल...

मागच्या पावसाळ्यात बाभुळगावच्या एका शाळेत शिक्षकांचं प्रशिक्षण होतं — कॉम्प्युटर लॅबमध्ये मुलांना लेखन कसं शिकवायचं, याचं. मी मार्गदर्शक. आपले शिक्षक एक ओळ टाइप करतात, तीच खोडत बसतात आणि मग म्हणतात, "मॅडम, सुचतच नाही." त्यावर माझा ठरलेला उपाय — स्क्रीन बंद करायची आणि मनात येईल ते न थांबता टाइप करायचं. दिसतच नाही तर खोडणार काय!

त्या दुपारी विषय दिला, 'माझी शाळा'. मोबाईल आधीच एका डब्यात जमा केले होते. सगळे खटाखट सुटले. थोड्या वेळानं स्क्रीन लावायला सांगितल्या आणि लॅबभर हशा पिकला. कीबोर्ड मराठीवर घ्यायचाच राहिला होता! जिकडेतिकडे नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी.

फक्त चव्हाण मॅडम हसल्या नाहीत. त्या जवळच्याच तांड्यावर राहतात, नवरा शेती करतो. मी त्यांच्यामागे जाऊन उभी राहिले. स्क्रीनवर तीच खिचडी, पण मधोमध स्वच्छ मराठीत —

'फवारता फवारता चक्कर आली. नाल्याकडच्या तुरीत पडलो. कोणाले तरी पाठव.'

"हे मी नाही लिहिलं मॅडम," त्या म्हणाल्या. "मी तर शाळेतल्या चिंचेवर लिहून राह्यली होती. आमचे हे आज एकटेच फवारणीले गेले..."

स्क्रीनच्या कोपऱ्यात कीबोर्डची भाषा इंग्रजीच दिसत होती. मी स्वतः पाहिलं. कुणी चेष्टा केली म्हणावं, तर त्यांच्या खुर्चीजवळ कुणी फिरकलंही नव्हतं.

डब्यातून त्यांचा मोबाईल काढला. त्यांनी लगेच दिराला फोन लावला.

"भाऊजी, नाल्याकडच्या तुरीत जा. काहून ते मंग सांगते, आधी धावा!"

मग नुसती वाट पाहणं... शेवटी फोन वाजला. चव्हाण मॅडमनी स्पीकर लावला.

"वहिनी, दादा सापडला. बेशुद्ध हाये, पण श्वास चालू हाये. गाडीत घेतला, यवतमाळले नेऊन राह्यलो."

फवारणीचं विष अंगात भिनलं होतं, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.

दिवाळीनंतर चव्हाण भाऊ मला भेटायला आले. धडधाकट, हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. मी विचारलं, "पडल्यावर काय केलं होतं तुम्ही?"

"काहीच नाही मॅडम. मोबाईल तं घरीच राह्यला होता. मनातल्या मनात आमच्या हिलेच म्हणून राह्यलो होतो, कोणाले तरी पाठव."

मी त्यांच्यासमोरच रडले. माणूस समोर चहा पीत बसला होता, याचंच इतकं बरं वाटलं.

कॉम्प्युटरवाल्यांना विचारून झालं. कीबोर्ड इंग्रजीवर असताना मराठी उमटूच शकत नाही, एवढंच ते सांगतात. प्रशिक्षणं चालू आहेत. स्क्रीन बंद करा, असं अजूनही सांगते. कीबोर्ड मराठीवर घ्या, असं मात्र मुद्दाम सांगत नाही. नंतर स्क्रीन लागल्या की एकेकाच्या मागे जाऊन बघत फिरते. सगळीकडे खिचडीच दिसली की माझा जीव भांड्यात पडतो.