मागच्या बाजूचं गाणं

मरोळच्या गावठाणात लग्न ठरलं की घरची माणसं आधी चर्चमध्ये फादरना सांगून येत आणि परतताना बेला परेराच्या दारात थांबत. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरीच्या आंघोळीसाठी पाणी आणतात. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. त्या वेळचं गाणं बेला गायची.

बेला तेव्हा चौपन्न वर्षांची होती. एमआयडीसीतल्या औषधाच्या कारखान्यात ती खोक्यांवर लेबलं चिकटवायची. तो कारखाना जिथे उभा होता तिथे पूर्वी तिच्या बापाचं भातशेत होतं. आईच्या आजारपणात तिचं स्वतःचं लग्न मागे पडलं आणि पुढे तो विषय कुणी काढला नाही. गाणं तिला मावशीकडून आलं होतं.

गाणं आलं म्हणजे पाठ होतं असं नव्हे. लग्नाच्या आठवडाभर आधी बेला त्या घरी जायची, चुलीपाशी बसून चहा घ्यायची आणि खोदून खोदून विचारायची. घरात कोण वारलं, कोण आखाती देशात आहे, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे. त्यातून त्या घराचं गाणं तयार व्हायचं. त्यात नवरीचं नाव, दोन्हीकडच्या आज्यांचं नाव आणि मामाला नाहीतर बापाला एक सणसणीत टोमणा. लग्न झालं की गाणं संपलं. ते तिने दुसऱ्या मांडवात कधी म्हटलं नाही.

१९८६च्या जानेवारीत तिच्या सख्ख्या भावाच्या, गिल्बर्टच्या मुलीचं लग्न निघालं. भाचीचं नाव जॅसिंटा. बेला रोज संध्याकाळी बोलावण्याची वाट बघत होती. शेवटच्या आठवड्यात गिल्बर्ट आला तो दारातच उभा राहिला.

"या वेळी तू दमू नकोस," तो म्हणाला. "सेबॅस्टियनने कॅसेट आणलीय. लग्नाच्या गाण्यांची. स्पीकर पण आहेत."

"कॅसेटला जॅसिंटाचं नाव ठाऊक आहे काय?"

"बेला, जमाना बदलला गं. मुलाकडचे लोक वांद्र्याचे आहेत."

"मग वांद्र्याला पाणी नाही भरत?"

गिल्बर्ट दारातूनच परत गेला. बेलाने तरीही गाणं रचलं. माहेरची नावं तिला ठाऊक होतीच. मुलाकडची ठाऊक नव्हती, तिथे गाण्यात भोक राहिलं.

शनिवारी चारला मिरवणूक निघाली. पुढे हातगाडी, तिच्यावर बॅटरी, दोन स्पीकर आणि बहरीनहून आणलेला टू-इन-वन टेपरेकॉर्डर. बाजूला गिल्बर्टचा मुलगा सेबॅस्टियन, डोळ्यांवर गॉगल. मागे लुगड्यातल्या बायका, डोक्यावर रिकाम्या कळश्या. बेला सगळ्यांच्या शेवटी चालत होती. तिच्या शेजारी पेट्रिशिया.

पेट्रिशियाच्या लग्नात चार वर्षांपूर्वी बेलाच गायली होती. नवरा बोटीवर नोकरीला होता. सहा महिन्यांत तो गेला आणि परत येणार नाही असं त्याने तिकडून पत्र पाठवलं. तेव्हापासून पेट्रिशिया कुणाच्या मांडवात गेली नव्हती. जॅसिंटा तिची मैत्रीण, तिने हट्ट धरला म्हणून आज आली होती.

कॅसेटवर सिनेमाच्या चालींची गाणी होती. पोरं नाचत होती. क्रुसापाशी कॅसेटची एक बाजू संपली. सेबॅस्टियनने कॅसेट उलटी केली. ती बाजू त्याने घरी ऐकलीच नव्हती.

आधी मशीनचा ढोल वाजला. मग त्या ढोलाखालून एका बाईचा आवाज आला आणि बेला थबकली. आवाज तिचाच होता.

मांडवात कुणीतरी तो टेप केला होता, कंपनीला विकला होता आणि कंपनीने त्याच्यावर ढोल चढवला होता. बाकी कुणाला ओळखू आला नाही, सगळे ढोल ऐकत होते. पण बेलाला हे गाणं कुठल्या घरचं ते कळलं. पहिल्या दोन कडव्यांत देवाचं नाव. तिसऱ्यात आजी. चौथ्यात येणार होतं, "पेट्रिशिया बाय गो, दर्यावरचा नवरा तुझा, मांडवाला बांधून ठेव."

चार वर्षांपूर्वी त्या ओळीवर अख्खा मांडव हसला होता.

वाजू दे, बेलाच्या मनात आलं. सगळ्या गावठाणासमोर वाजू दे. गिल्बर्टला कळू दे, विकतचं गाणं मांडवात आणलं की काय होतं ते. एक कडवं संपेपर्यंत हा विचार तिला गोड लागला. मग तिने शेजारी पाहिलं. पेट्रिशियाने कळशी डोक्यावरून उतरवून पोटाशी धरली होती.

तिसरं कडवं सुरू झालं. बेला बायकांना ढकलत पुढे निघाली.

"सेबी, बंद कर."

"काय?" त्याने आवाज आणखी वाढवला. "आत्या, ही बाजू तर झकास आहे! तुझ्यासारखीच गाते बघ!"

बेलाने हात घालून बटण दाबलं, कॅसेट उपसली आणि पोलक्यात कोंबली.

पोरं नाचता नाचता थांबली. गिल्बर्ट धावत आला.

"जळतेस, बेला! भाचीच्या लग्नातसुद्धा?"

उत्तर एका वाक्याचं होतं, पण पेट्रिशिया दहा पावलांवर उभी होती.

"डोकं उठलं माझं त्या ढोलाने," बेला म्हणाली. "जा, पोलीस बोलाव."

"कॅसेट दे आधी."

"नाही देत."

"अहो, भांडा नंतर!" गिल्बर्टची बायको ओरडली. "तिकडे पोरगी पाटावर बसलीय. विहिरीवर काय मुक्याने जायचं?"

कुणी हललं नाही. मग बेलाने जॅसिंटाच्या नावाने पहिली ओळ उचलली. दुसरीला दोन म्हाताऱ्यांनी साथ दिली. विहिरीपर्यंत बऱ्याच जणी गात होत्या.

कळशी पाण्यातून वर येत असताना गाणं नवऱ्याच्या आजीपाशी आलं आणि अडलं. गाणं थांबलं की दोरही थांबतो. कळशी अर्ध्यावर लोंबकळू लागली.

"आजीचं नाव काय गो, कोण सांगेल नाव?" बेलाने त्याच चालीत विचारलं.

"कॅटरिना!" वहिनी ओरडली.

"कॅटरिना नव्हे, ती मेली! दुसरी, रोझालिन!" मागून कुणीतरी म्हणालं.

"मग दोघी घ्या!"

दोघी घेतल्या. कळशी वर आली. शेवटी टोमणा आला, "गिल्बर्टच्या दारी गो, बॅटरीवर गाते बहीण." बायका खिदळल्या. गिल्बर्ट हसला नाही, हातगाडीची वायर गुंडाळत राहिला.

सेबॅस्टियन मात्र चिडलेलाच होता. "ठेव ती कॅसेट," तो म्हणाला. "अंधेरी स्टेशनबाहेर असल्यांचा ढीग पडलाय."

बेलाला ते ठाऊक नव्हतं. तिने पोलक्यातली कॅसेट आणखी आत सरकवली.

परतताना पेट्रिशिया पुन्हा तिच्या शेजारी आली. डोक्यावर भरलेली कळशी.

"ते माझं होतं ना?"

"कंपनीचं होतं," बेला म्हणाली. "कळशी सरळ धर, सांडतंय."