पगाराची चौथी नोंद

तेलाचे भाव कोसळले त्या वर्षी मे महिन्यात माझी नोकरी गेली आणि मी बायकोला सांगितलं नाही. परदेशात, जुरोंग आयलंडवरच्या एका तेलाच्या प्लांटमध्ये मी अकरा वर्षं इंजिनियर होतो. आम्हाला पीआर, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी मिळालेली होती, त्यामुळे नोकरीबरोबर राहण्याचा पास रद्द होऊन तिला आपोआप कळायची भीती नव्हती. मुलीची पीएसएलई, म्हणजे सहावीची बोर्डासारखी परीक्षा, सप्टेंबरअखेर होती. तोवर दम धरायचा, तेवढ्यात दुसरं काहीतरी मिळेल, असं मी ठरवून टाकलं.

हिशेबाचं मला वेडच होतं. घरखर्च मी एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचो: तारीख, कशासाठी, पैसे कुठून निघाले आणि कुठे गेले. घरच्या कॉम्प्युटरवरचं एक फुकट सॉफ्टवेअर ती फाइल वाचायचं आणि ब्राउझरमध्ये एक पान दाखवायचं, प्रत्येक खात्याच्या शिलकीसकट. नवी नोंदही तिथूनच करता यायची. वायफायवर ते पान घरातल्या कुठल्याही फोनवर उघडे. आमच्याकडे लपवाछपवी नाही, असं मी मित्रांमध्ये मिरवायचोसुद्धा. रविवारी जेवणं झाली की बायको आठवड्याच्या पावत्या वाचायची आणि मी टाइप करायचो.

जूनअखेरच्या रविवारी तिच्या शेजारी बसून मी पगाराची नोंद केली. बँकेत दमडी आली नव्हती. पण सॉफ्टवेअरला दोन्ही बाजू जुळल्या की पुरे, ते हूं की चूं करत नाही. जुलैअखेर पुन्हा तेच केलं.

रोज सकाळी नेहमीच्या वेळी डबा घेऊन निघायचो, ते थेट मरीन परेडच्या लायब्ररीत. जुरोंग ईस्टला आमच्याच इमारतीत चार मराठी घरं होती. शहराच्या त्या टोकाला मला कोण ओळखणार? जाण्यायेण्याचं जादा भाडं मी भाजीच्या खात्यात दडवायचो. अर्जावर अर्ज केले, तीन मुलाखती दिल्या, पुढे कोणी विचारलं नाही. पानावरची शिल्लक वाढत होती, बँकेतली आटत होती. स्वतःचा राग यायचा.

ऑगस्टमध्ये मुलगी गणितात घसरली. बायकोने पान उघडलं, शिल्लक बघितली आणि परवडतंय की, म्हणाली. महागडी शिकवणी लागली. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी भित्र्यासारखी मान डोलावली आणि महिनाअखेरीला तिसरा पगार टाकला.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती. परीक्षा गुरुवारी सुरू होणार होती. मी पान उघडलं, तर पगाराची नोंद झालेली होती. रक्कम अगदी सेंटपर्यंत बरोबर. मी ती केली नव्हती.

बायको पावत्या सरळ करत होती. तिने वर न बघताच सांगितलं, की शिकवणीची फी भरायला तिने एटीएममधून पैसे काढले होते. निघालेल्या चिठ्ठीवर खात्यातली शिल्लक छापलेली होती. इतकी वर्षं पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या मला ती चिठ्ठी सुचलीच नव्हती. परीक्षा होऊ दे, म्हणून तीही गप्प राहिली होती.

"ऑगस्टचा पगार टाकताना तू आकडा तीनदा चुकलास," ती म्हणाली. "परत बघवलं नसतं मला. म्हणून मीच टाकला."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. मला रडू फुटलं. आत मुलीला ऐकू जाईल म्हणून मी तोंड दाबून धरलं, आणि मग एकेक करत चारही नोंदी पुसल्या. पानावर खरी शिल्लक आली. तिच्यात ऑक्टोबरचं घरभाडं निघत होतं, नोव्हेंबरचं नाही.

मग ती एकदम सावध झाली. मुलीच्या खाऊच्या पैशांचं खातं याच पानावर होतं आणि मुलगी ते रोज फोनवर उघडायची.

"परत टाक," ती हळूच म्हणाली. "चारही टाक."

मी टाकल्या.