सदानंदकाकांना विचारा

सदानंद तोरसकर म्हटलं तर मस्कतमधल्या मोटरसायकलवाल्यांपैकी निम्म्यांना काही कळणार नाही. अझैब्याचे ऑइलवाले काका म्हणा, लगेच ओळखतील. एकोणतीस वर्षं हा माणूस स्पेअर पार्टच्या एकाच दुकानात, एकाच काउंटरमागे उभा राहिला. बसला म्हणत नाही, कारण तिथे खुर्चीच नव्हती. मी धनेश. त्यांच्या हाताखाली चार वर्षं काढली आणि आता जवळच्याच एका वर्कशॉपमध्ये गिऱ्हाइकांशी बोलायच्या टेबलावर बसतो. मला जे काही येतं ते काकांचं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कुणावर भडकलो तर का भडकलो ते कळेल.

काकांकडे ऑइल मागितलं की ते लगेच डबा काढत नसत. आधी चौकशी. गाडी कुठली, किती चाललीय, शुक्रवारी निझव्यापर्यंत पळवतोस की नुसतीच सिग्नलला तापवतोस. मग डबा फिरवून मागची बारीक अक्षरं आपल्यालाच वाचायला लावायचे. कारचं महागडं ऑइल बाइकला मागणाऱ्याला सरळ परत पाठवायचे. अरे, बाइकचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, कारचं तेल घातलंस तर प्लेटा घसरतील, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं. फिल्टर हातात आला की भोकातून करंगळी घालून आतली रबराची झडप दाबून बघायचे. रबर कडक लागलं की माल परत, मग मालकाने कितीही आदळआपट करू दे.

याच काउंटरवर उभं राहून त्यांनी मुलाला, स्वप्निलला, इथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकवलं आणि पुण्याला पाठवून इंजिनीअर केलं. आता तो इथेच तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. बायको दीप्ती आणि तो मदिनत सुलतान काबूसला, बड्यांच्या वस्तीत राहतात. काका मात्र अल हैलला, आणखी दोन कामगारांबरोबर एका खोलीत. "त्याच्याकडे ऑफिसचे लोक येतात-जातात, मला उगाच अवघडल्यासारखं होतं," असं काका सांगायचे. अवघडल्यासारखं नक्की कुणाला होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. या दिवट्याने सासरी सांगितलं होतं, वडील ऑटोमोबाइल बिझनेसमध्ये आहेत.

गेल्या वर्षी स्वप्निलने साडेसहाशे सीसीची बाइक घेतली. काका आठवडाभर हवेत होते. म्हणाले, आता विचारेल बघ. आठ महिने गेले, त्याने काही विचारलं नाही. जूनमध्ये दुकानाने काकांना सांगितलं, व्हिसा पुढे वाढवणार नाही, खलास. जुलैच्या शेवटी रत्नागिरीला, गिरिजाकाकूंकडे कायमचं जायचं ठरलं. बॅग बांधायला मी गेलो होतो, तेव्हा काका म्हणाले, "धनेश, मला त्याच्याकडून काही नको रे. जायच्या आधी एकदा त्याने विचारावं, बाबा, कुठलं ऑइल घालू? एवढंच." माझं डोकंच फिरलं. एकोणतीस वर्षं अख्खं गाव ज्याला विचारतं, त्याने स्वतःच्या पोराच्या एका प्रश्नासाठी असं ताटकळायचं?

आणि पुढच्याच शनिवारी सकाळी स्वप्निल आमच्या वर्कशॉपमध्ये उभा. बरोबर ऑफिसातले दोन मित्र, त्यांच्याही मोठ्या गाड्या. तो मला ओळखत नव्हता, कारण दहावीनंतर तो बापाच्या दुकानाकडे फिरकलाच नव्हता. मी त्याला ओळखत होतो. काकांचा मोबाइल उघडताच त्याचाच फोटो दिसतो. त्याने ऑनलाइन मागवलेला डबा आणि फिल्टर माझ्यासमोर ठेवले. म्हणाला, "हेच घाला. मी पूर्ण रिसर्च केलाय." मी डबा फिरवून मागची अक्षरं वाचली. चक्क कारचं तेल. फिल्टरमध्ये करंगळी घातली, तर रबर लाकडासारखं.

मी त्याला तिथेच सांगू शकलो असतो. सांगायलाच हवं होतं. पण मला खुमखुमी आली. म्हटलं, बेट्या, आज तुला विचारायला लावतोच. "सर, आमचे एक जाणकार आहेत, त्यांना विचारून घेऊ," म्हणून मी काकांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"हां धनेश, बोल," काकांचा आवाज आला आणि स्वप्निलचा चेहरा पांढराफटक पडला. मित्राने इंग्रजीत विचारलं, हे कोण? स्वप्निल इंग्रजीतच म्हणाला, असेल कुणी स्पेअर पार्टवाला अंकल.

स्पीकर चालूच होता. मग काका बोलले, पण हिंदीत. परक्या गिऱ्हाइकाशी बोलतात तसे. "नमस्ते सर. गाडी कौन सी है? कितनी चली है?"

स्वप्निलने माझ्याकडे पाहिलं, मित्रांकडे पाहिलं आणि हिंदीत उत्तर दिलं. पाचेक मिनिटं बाप-लेक माझ्या टेबलावर हिंदीत बोलत होते. काकांनी सगळं नीट सांगितलं. हे तेल का नको, आमच्याकडचं कुठलं घालायचं, फिल्टर कंपनीचाच घ्या, उन्हाळ्यात तेल जरा लवकर बदलत जा सर. शेवटी स्वप्निलने विचारलं, "तो कौन सा फिल्टर डालूँ?" काकांनी नंबर सांगितला. "थँक यू, अंकल," म्हणून तो वळला. लाजेने मेल्यासारखं मला झालं, त्याला नाही.

दुपारी काकांचाच फोन आला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी बोलूच दिलं नाही. जुन्या फिल्टरची रबरी गॅस्केट इंजिनाला चिकटून राहिली नव्हती ना, ते आधी विचारलं. मग म्हणाले, "मी ओळखलं हे त्याला कळू देऊ नकोस. त्याला वाईट वाटेल. शपथ आहे तुला माझी."

संध्याकाळी स्वप्निल एकटाच गाडी न्यायला आला. मित्र नव्हते, वर्कशॉपमध्ये दुसरं कुणी नव्हतं. मला वाटलं, आता तरी बोलेल. किल्ली घेऊन तो थोडा घुटमळला. मग म्हणाला, "ते सकाळचे अंकल, त्यांनी नंतर माझ्याबद्दल काही विचारलं?"

"नाही सर," मी म्हणालो. "रोज इतकी गिऱ्हाइकं असतात, त्यांच्या कुठे लक्षात राहतंय."

त्याने सुटकेचा श्वास टाकला, मला चक्क शेकहँड केला आणि गाडी काढून निघून गेला. काकांची शपथ मी पाळली आणि त्या नालायकाला रात्रीची शांत झोप माझ्या हाताने दिली.