नानांच्या अँपचा वायसर

मेकॅनिकला दुसऱ्याचं काम लगेच ओळखू येतं, आणि स्वतःचं तर त्याहून आधी. माझ्या सोल्डरला शेवटी बारीक शेपूट राहतं, कारण सोल्डरिंग गन उचलायची मला कायम घाई. गेल्या महिन्यात जळगावच्या माझ्या दुकानात मी नानांच्या गिटारचा अँप्लिफायर उघडला, गिटारच्या वायरीची पिन जिथे खोचतात त्या जॅकचा बोर्ड उलटा केला आणि ते शेपूट दिसलं. त्याच्या बुडाशी केसाएवढी गोल चीर पडली होती.

नाना माझे थोरले भाऊ. धरणगावला कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कामाला होते, आणि उरलेला सगळा जीव गिटारवर. जयंतीच्या दिवसांत त्यांची गायन पार्टी गावोगाव फिरायची, पार धुळ्यापर्यंत. हार्मोनियम-ढोलकीच्या पार्टीत गिटार म्हणजे अप्रूप. बाया पोरं घेऊन पुढे बसायच्या, गिटार बघायला. मागच्या थंडीत छातीत कळ आली आणि तासाभरात गेले. आता त्यांचं वर्षाचं पुण्यानुमोदन होतं. त्यांची मुलगी त्या दिवशी बापाच्या गिटारवर एक गाणं वाजवणार होती, म्हणून वहिनींनी अँप माझ्याकडे पाठवला. आवाज मधेच जातो, एवढंच सांगितलं.

आवाज मधेच जातो हे मी सहा वर्षांपूर्वीही ऐकलं होतं.

तेव्हा जॅक सैल झाला म्हणून नाना अँप घेऊन दुकानात आले होते. मी सोल्डर मारला, जॅक बसवला. नट आवळताना वायसर हातातून सटकला आणि काउंटरखाली गेला. लग्नसराई होती, डीजेवाले डोक्यावर उभे होते. घरचंच काम, नट आवळला की झालं, म्हणून वायसर न घालताच दिला. वायसर नसला की तो जॅक अँपच्या पुढच्या पट्टीला घट्ट बसत नाही, आणि पिन घालता-काढताना सगळा ताण आतल्या सोल्डरवर येतो. हे मी गिऱ्हाइकांना बोट दाखवून शिकवतो.

महिन्याभरात नाना परत आले. धुळ्याला भर कार्यक्रमात खर्र खर्र होऊन आवाज गेला होता, लोकांनी शिट्ट्या मारल्या होत्या.

“एकदाव खोली देख ना रे,” ते म्हणाले. “आतमा काहीतरी हालस.”

मी उघडला नाही. पिन घातली, तार छेडली, तीनदा वाजवून दाखवलं. टेबलावर ठेवलेल्या वस्तूला कोण हलवतंय? नीटच वाजली.

“नाना, मशीन ठणठणीत आहे,” मी म्हणालो. “तुमचा हातच जड झालाय. वायरीवर पाय देत असाल.”

नानांनी अँप उचलला आणि स्टँडकडे निघाले.

पुढच्या आठवड्यात पार्टीचे मुख्य गायक मशीनची चौकशी करायला आले. “मशीन ओके आहे, वाजवणारा बघा,” मी म्हणालो. आम्ही दोघं हसलो. मला विनोद करायला नेहमीच आवडतं, विशेषतः समोरचा तिथे नसला की. त्या वर्षापासून पार्टीत कीबोर्डवाला आला आणि नाना घरीच वाजवू लागले.

आता तोच अँप माझ्या पुढ्यात उघडा पडला होता. नटाखाली सायकलच्या ट्यूबचं कातरलेलं कडं होतं, वायसरच्या जागी, अगदी मापात. हँडलला सुतळी बांधलेली, पिन वर उचलून टांगायला. वर उचलून धरली की चीर मिटायची आणि आवाज यायचा. मी वहिनींना फोन लावला, हे कधीपासून म्हणून.

“पहिलापासून,” त्या म्हणाल्या. “मी सांगं त्यास्ले, दुसराकडे दखाडा. ते म्हनेत, मना भाऊनं दुकान शे जळगावले. दुसराकडे गऊ तर लोके काय म्हणतीन?”

आमच्याकडे हे असंच आहे. घरात शिवणारी असली की शिंप्याकडे जायचं नाही, घरात मेकॅनिक असला की दुसऱ्याच्या दुकानाची पायरी चढायची नाही. चढलात तर घरच्या माणसाचं नाक कापलं जातं. माझ्याच गल्लीत अशी तीन दुकानं आहेत. माझं नाक राहावं म्हणून माझा भाऊ जाईपर्यंत पाच वर्षं पिन सुतळीने टांगून वाजवत राहिला. वहिनींना मी वायसरचं काही सांगितलं नाही. फोन ठेवला, शटर अर्धं ओढलं आणि काउंटरवर डोकं टेकून रडलो.

मग काम केलं. जुना सोल्डर काढला, नवीन जॅक घातला, जॅकपासून बोर्डापर्यंत वायरी ओढल्या, म्हणजे पुन्हा बोर्डावर ताण नको. वायसर घातला, नट आवळला. पिन हलवली, खेचली, ठोकली. आवाज जागचा हलला नाही. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम होतं.

पुण्यानुमोदनाला धरणगावच्या घरापुढे मांडव घातला होता. त्रिशरण-पंचशील झालं. त्यानंतर आमच्यात एकेक जण उठून गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतो. येताना एसटीत मी ठरवूनच आलो होतो, आज सांगायचं. माझी पाळी आली, उभा राहिलो. समोर पार्टीची माणसं, जिनिंगची माणसं, वहिनींचं माहेर. नाना स्वभावानं फार गरीब होते, म्हणालो. आम्हाला बापाच्या जागी होते, म्हणालो. आणि खाली बसलो. भित्रा माणूस आहे मी.

मग पुतणीनं गिटार घेतली. पिन घातली आणि सवयीनं हँडलची सुतळी चाचपू लागली.

“आता लागत नाही बेटा,” मी म्हणालो.

तिनं वाजवलं. अख्ख्या गाण्यात एकदाही खरखर नाही. इतकं चोख काम मी आयुष्यात केलं नसेल. गाणं संपलं तसे मुख्य गायक माझ्याकडे झुकले आणि हळहळून, अगदी मायेनं म्हणाले, “मशीन तं चांगलंच शे भो. तू तव्हयच सांगेल व्हतं. नानाना हातच गयेल व्हता.”

शेजारच्या दोघांनी मान हलवली. समोर बसलेल्या पुतणीनं ते ऐकलं आणि गिटारवरचा हात खाली घेतला.

मी पुन्हा उभा राहिलो. असं दोनदा कुणी उठत नाही, लोक बघू लागले.

“नानांचा हात नीट होता,” मी म्हणालो. “वायसर मी घातला नव्हता. सोल्डर माझा तुटला होता. उघडून बघ, असं ते सांगत होते. मी उघडला नाही आणि तुम्हाला सगळ्यांना हसून सांगितलं की वाजवणारा बघा.”

मुख्य गायक खाली बघत राहिले. मग बायकांतून वहिनींचा आवाज आला. त्या रागावल्या नव्हत्या, नुसतं सांगत होत्या.

“रोज सांजले त्यास्ना हातले मी तेल लाई देऊ, भाऊजी. भाऊ खोटं सांगाव नही, म्हनेत. मना हातच जड व्हयना व्हई.”