उंबऱ्यातलं टेबल

आमच्या गल्लीत दिवसा दार लावायची पद्धत नाही. लावलंच, तर घरात भांडण पेटलंय किंवा कुणीतरी गेलंय, असं समजायचं. तिसरंही एक कारण असतं, ते नव्या जोडप्यांना लागू पडतं. पण त्यावर मी बोलत नाही, ते खातं समोरच्या अक्काबाईकडे आहे. मखमलाबाद रस्त्याच्या आतल्या बाजूची ही गल्ली. निम्मी घरं मळेवाल्यांची, आणि दारं सगळ्यांची सताड उघडी. कुणाकडे आज मेथी आहे आणि कुणाकडे पिठल्यावर भागलंय, हे मला माझ्या ओट्यावर बसल्या जागी कळतं.

अशा गल्लीत सावळीरामच्या सुनेनं, सुवर्णानं, सकाळी दहाच्या ठोक्याला दार लावायला सुरुवात केली. आता माणसानं गप्प बसायचं तरी कसं?

सुवर्णा आधी सिन्नरच्या एमआयडीसीत एका पॅकिंगच्या कंपनीत होती. कंपनीच्या बसनं उजाडायच्या आत जायची, दिवेलागणीनंतर यायची. मग सासूच्या, म्हणजे अंबूबाईच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि घरात कुणीतरी थांबायला हवं झालं. कुणीतरी म्हणजे कोण, हे आपल्याकडे वेगळं सांगावं लागत नाही. सुवर्णानं कंपनी सोडली, पण नुसत्या भाकरी थापायला नाही. साड्यांना आधीच निऱ्या बसवून द्यायचं काम ती मोबाईलवर बघून शिकली. हल्लीच्या पोरींना साडी हवी असते, नेसता येत नसते. ही बाई गिऱ्हाइकाची कंबर आणि उंची मापते, निऱ्या आणि पदर इस्त्रीनं बसवते, पिना टोचते आणि घडी घालून खोक्यात देते. गिऱ्हाइकानं फक्त गुंडाळायचं आणि खोचायचं. आमच्या वेळी ही सोय असती, तर मी आयुष्यात एका तरी लग्नाचा मुहूर्त गाठला असता.

नवरा महेश टेम्पो चालवतो. तो नाही म्हणाला नाही. "अक्षय तृतीयेपर्यंत करून बघ," म्हणाला. "तुझे सुपरवायझर तोवर जागा धरून ठेवतो म्हणालेत. नाही जमलं तर परत कंपनी. आईकडे बघायला ताईला बोलावू."

सुवर्णाला परत त्या बसमध्ये चढायचं नव्हतं. बाकी कशाचीही तिला खात्री नव्हती, याची होती.

अडचण साड्यांची नव्हती, माणसांची होती. बाई घरात दिसली की ती रिकामी, हा आपला ठाम समज. एकजण किल्ली देऊन जायची, "गॅसवाला येईल गं, तू घरीच असतेस." दुसरीचं पार्सल यायचं. तिसरीच्या कुरडया गच्चीवर, त्यांच्यावर कावळे बसतात का ते सुवर्णानं बघायचं. अक्काबाई तर काहीच काम नसताना यायची आणि बूड टेकलं की तासभर हलायची नाही. आतून अंबूबाई हाक मारायची, "सुवर्णा, चहा टाक गं, अक्का आलीय." चहाला उकळी येईस्तोवर इकडे बसवलेली निरी सरकलेली. एका शिक्षिकाबाईंचा पदर असाच तिरका बसला. त्या म्हणे शाळेच्या कार्यक्रमात दिवसभर एक खांदा वर धरून फिरल्या. सुवर्णानं त्यांची साडी पुन्हा करून दिली आणि दुसऱ्या दिवसापासून दहा ते चार दार बंद.

गल्लीला अपमान वाटला. अंबूबाईला गल्लीपेक्षा जास्त. ती देवळासाठी हार ओवते, तेवढंच तिचं आता काम. मागच्या दारी बसून फुलं टोचता टोचता जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायची, "कोठडीत टाकल्यावानी झालंय बघा मला. उभ्या जन्मात दार लावलं नव्हतं या घरानं. लोक काय म्हणत असतील?"

लोक काय म्हणत होते ते मला विचारा. कुणी म्हणे आत झोपा काढते. कुणी म्हणे आत गुप्तधन काढताहेत. मी फक्त एवढंच म्हणालो, की गुप्तधनाला इस्त्री लागत असेल तर माहीत नाही.

लग्नसराई लागली आणि सुवर्णाला पहिलं मोठं काम आलं. मनमाडच्या एका रेल्वेवाल्याच्या मुलीचं लग्न, पण नाशकात, गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर. नवरीचा शालू, हळदीची साडी, वर मावश्या-काकूंच्या पैठण्या. नवरीची मावशी सविताताई नाशकातलीच, तीच सगळ्या साड्या ठेवून गेली. त्या लॉन्सवर नवऱ्या नटवणारी बाई म्हणाली होती, हे काम नीट उतरलं तर सराईतल्या बाकी नवऱ्याही तुझ्याकडेच पाठवते. आणि अक्षय तृतीया तर तोंडावर आलेली. म्हणजे सुवर्णाचं जे काही ठरायचं होतं, ते या गाठोड्यात बांधलेलं होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सविताताई बघायला आल्या. दार बंद. आत कूलरची घरघर, त्यात कडीचा आवाज कुठला पोचायला. त्या समोरच्या अक्काबाईकडे वळल्या.

"इथं कुणी नाही का?"

"हायेत की. पण दार लावूनच असतात हल्ली." अक्काबाईनं पदर सावरला, म्हणजे आता काहीतरी येणार हे मी ओळखलं. "त्यांच्या भावकीतला रंगनाथ लय आजारी होता. गेला वाटतं. नायतर दिवसाचं दार कोण लावतंय, सांगा ना तुम्ही."

सविताताईंचा चेहरा उतरला. सुतकाच्या घरात नवरीचा शालू! त्यांनी दारावर अशा थापा मारल्या, की कोपऱ्यावरचं झोपलेलं कुत्रं उठून उभं राहिलं.

सुवर्णानं दार उघडलं. कपाळावर घाम, ओठात दोन पिना.

"आमच्या साड्या आहेत तशा परत द्या," सविताताई म्हणाल्या. "तुमच्याकडे सुतक आहे, आणि तुम्ही कळवलंही नाही."

सुवर्णानं पिना काढल्या. "सुतक? कुणाचं?"

"रंगनाथ म्हणून कुणी..."

घरातून काठीचा टकटक आवाज आला. मागच्या दारची अंबूबाई पुढं आली, एका हातात काठी, दुसऱ्यात अर्धा ओवलेला हार. "रंगनाथ गेला? कोण म्हणलं? पित्तानं पडला होता तो. आज सकाळी झेंडू तोडून दिलाय त्यानं, हा बघा, त्याच्याच हातचा. आता देवळात जायचाय. सुतकातल्या माळ्याच्या घरचं फूल देवाला चालतं का हो बाई? गुरवाला जाऊन विचारा." मग तिनं समोर बघितलं. "अक्के, माझ्या दिराला जिता राहू दे की गं जरा."

अक्काबाईला तेवढ्यात घरात दूध उतू गेल्याचा भास झाला.

सविताताई थोड्या नरमल्या, पण मन काही स्वच्छ होईना. "मग दार कशाला लावता? झाकण्यासारखं काय आहे?"

"काही नाही ताई. उघडं ठेवलं की मला इथं कुणी काम करू देत नाही."

"ते तुमचं तुम्ही बघा. पण हे माझ्या बहिणीच्या कानावर गेलं, तर उद्या मंडपात माझी धडगत नाही. द्या साड्या."

सुवर्णानं हातातल्या पिना पदराला टोचल्या. मग आत गेली. मला वाटलं, गाठोडं आणते. आतून काहीतरी जड फरशीवरून ओढल्याचा आवाज आला आणि तिचं इस्त्रीचं लांब टेबल दारात आलं. तिनं ते आडवं केलं, चौकटीच्या दोन्ही बाजूंना टेकवलं आणि आपण आतल्या बाजूला उभी राहिली.

"बाकीच्या झाल्यात. शालू राहिलाय," ती म्हणाली. "इथं करते, तुमच्यासमोर. झाल्यावर नाही आवडला तर सगळ्या साड्या घेऊन जा, मी एक शब्द बोलणार नाही."

"अगं, उंबरा अडवतेस?" अंबूबाई म्हणाली. "लक्ष्मी यायची कुठून?"

"आली तर पिशवी घेऊन येईल, आई. टेबलावर ठेवेल."

खुर्ची माझ्याकडून गेली. सविताताई बसल्या, हाताची घडी घालून. शालूवर सुती कापड पसरून सुवर्णानं एकेक निरी बसवायला घेतली. शालूची जर पोळू नये म्हणून इस्त्री टेकवायची, उचलायची, पुन्हा टेकवायची. दोन्ही टोकं एकटीला ताणून धरता येईनात, तशी ती मान वर न करता म्हणाली, "सविताताई, एवढा काठ धरता का?" त्यांनी धरला. माणसानं एकदा काठ हातात घेतला की त्याला भांडता येत नाही, हे त्या दिवशी मला कळलं. शालू होईपर्यंत सविताताईंनी तिला आपल्या जावेच्या सगळ्या कागाळ्या सांगून टाकल्या, आणि साड्या लॉन्सवर गेल्या त्या सुवर्णाच्याच खोक्यांतून.

नवरी म्हणे चहा निवायच्या आत नेसून तयार झाली. मी गेलो नव्हतो. पण जेवणात मठ्ठा पातळ होता, हेही मला माहीत आहे.

टेबल मात्र दारातून हललं नाही. दार उघडं, म्हणून गल्लीला बोलायला जागा नाही. आणि आत पाऊल टाकायलाही जागा नाही. घरची माणसं मागच्या दारानं ये-जा करतात. गप्पा मारायला कुणी आलंच, तर सुवर्णा हसून त्याच्या हातात साडीचं टोक देते आणि "ताणून धरा हं" म्हणते. दोन पदर धरून झाले की माणसाला आपलं घरचं काम आठवतं. किल्ल्या घेऊन येणाऱ्यांना अंबूबाई परस्पर वाटेला लावते, "आपली किल्ली आपल्या कमरेला लाव बाई, सून कामाला हाय." अक्काबाईनं चार दिवस रुसून बघितलं, पाचव्या दिवशी भाचीच्या साखरपुड्याची साडी घेऊन आली. तिला रांगेत थांबावं लागलं. तो दिवस मी फार मजेत घालवला.

अक्षय तृतीयेच्या सकाळी मी सहजच चौकशीला गेलो होतो. सहजच म्हणजे, महेशचा टेम्पो अजून दारात होता आणि आज काय ठरतंय ते मला ऐकायचं होतं. माझ्याही हातात एक पदर आला. तेवढ्यात सुवर्णाला कंपनीच्या सुपरवायझरांचा फोन आला. तिचे हात अडकलेले, म्हणून महेशनं फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"मॅडम, सोमवारपासून येताय ना? वरून विचारणा होतेय."

महेश बायकोकडे बघत राहिला. आत अंबूबाईची काठी थांबली. सुवर्णानं निरी दाबली, इस्त्री उभी करून ठेवली.

"नाही येत, सर. जागा भरून टाका. तुम्ही एवढे दिवस थांबलात, बरं वाटलं."

पलीकडून काहीतरी शुभेच्छा आल्या, फोन बंद झाला. महेशनं किल्ली उचलली. "मनमाडला भाडं आहे," म्हणाला. "येताना त्या मोठ्या क्लिपा आणू का, तू म्हणत होतीस त्या?"

"आणा. आणि खोकी पण." मग ती माझ्याकडे वळली. "नाना, काठ खाली गेलाय तुमचा. नीट धरा, दुपारी न्यायला येणार आहेत."