चिवडा, ग्रीन टी आणि मागची गाडी

“मागच्या गाडीतून धूर येतोय,” हेलन म्हणाली. “हा टेस्टचाच भाग आहे का?”

मी तेव्हा तिच्या बशीत आणखी थोडा चिवडा घालत होते. आमचे टेक्निशियन नाइतोसान (सान म्हणजे जपानीतलं ‘राव’) तिच्यासाठी ग्रीन टी ओतत होते. पुढे स्टिअरिंगवर आमचे साहेब, कुरोदासान, पाहुणीच्या चहाचा थेंबही सांडू नये अशा बेताने चढ चढत होते. मी मागच्या काचेतून पाहिलं. आमच्या मोटरहोमच्या मागे जोडलेल्या छोट्या पांढऱ्या गाडीच्या चाकांपाशी निळसर धूर दिसत होता.

“नाही,” मी म्हणाले. “हा टेस्टचा भाग नाही.”

आणि मग तोंडातून थेट मराठीच बाहेर पडलं, “अहो, थांबवा! गाडी थांबवा!” कुरोदासानना मराठीचा गंध नाही. पण गाडी ताबडतोब थांबली.

आता आम्ही तिथे काय करत होतो ते सांगते. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. बिछाना, ओटा, संडास, सगळं आत. जपानमध्ये त्याला कॅम्पिंग कार म्हणतात. एकदा हे घर एखाद्या तळ्याकाठी लावलं की मग दूध आणायला जायचं कसं? अख्खं घर घेऊन दुकानात जाणं शोभत नाही. म्हणून ऑस्ट्रेलियासारख्या ऐसपैस देशांतले लोक मोटरहोमच्या मागे आपली छोटी गाडी जोडून नेतात. तिची चारही चाकं रस्त्यावर, गिअर न्यूट्रलमध्ये, आत कोणी नाही. अशा जोडणीला लागणारं सामान कावासाकी शहरातली आमची छोटी कंपनी बनवते. जपानमध्ये त्याला गिऱ्हाईक जवळजवळ नाहीच. आम्ही टोकियोशेजारी उरायासुला राहतो तिथल्या गल्लीत असलं प्रकरण वळवायचं तर आधी समोरचं घर हलवावं लागेल. सगळा माल परदेशात जातो.

लोकांना वाटतं, एक मजबूत दांडा लावला की झालं. दांडा हा सगळ्यात सोपा भाग. खरा प्रश्न ब्रेकचा. पुढच्या घराने ब्रेक लावला आणि मागच्या गाडीने लावला नाही, तर ती मागून ढकलते. उतारावर तर फारच ढकलते. म्हणून मागच्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाशी आम्ही एक खोका बसवतो. पुढे ब्रेक लागला की हा खोका मागचं पेडल दाबतो. त्या खोक्याची टेस्टिंग हे माझं काम. पुण्यात असताना चाकणला ब्रेकचंच काम केलं होतं. नवऱ्याच्या बँकेने त्याला टोकियोला पाठवलं तेव्हा मी हे इथे शोधलं.

आणखी एक वस्तू असते, आणि ही गोष्ट तिचीच आहे. एक बारीक वायर. समजा दांडा तुटला, जोडीला लावलेल्या आधाराच्या साखळ्याही तुटल्या आणि मागची गाडी सुटली. तर ही वायर ताणली जाते, खोक्यातली एक पिन उपसून काढते आणि सुटलेली गाडी स्वतःच ब्रेक लावून उभी राहते. जिममधल्या ट्रेडमिलवर कपड्याला अडकवायची दोरी असते ना, तसंच. ही वायर थोडी सैल लोंबती ठेवायची असते. कारण वळणावर दोन गाड्यांमधलं एका बाजूचं अंतर वाढतं. वायर घट्ट असेल तर काहीही तुटलेलं नसताना पिन निघते.

हेलन त्या दिवशी ऑस्ट्रेलियाहून आमचा खोका बघायला आली होती. साठीची, उन्हाने रापलेली, कमी बोलणारी बाई. तिचा मोटरहोम विकायचा धंदा. तिने पसंत केलं तर आमचं प्रोजेक्ट चालू, नाही तर बंद. प्रोजेक्ट बंद म्हणजे माझं कॉन्ट्रॅक्टही बंद. माझा व्हिसा त्या कॉन्ट्रॅक्टवर होता आणि नवऱ्याचं पोस्टिंग तर उन्हाळ्यातच संपलं होतं. तो केवळ माझ्या नोकरीच्या जोरावर बिनपगारी रजा घेऊन घर सांभाळत होता. माझी मुलगी आर्या सहावीत होती. इथे सहावीनंतर शाळा बदलते, त्यामुळे मार्चमधल्या निरोप समारंभाला मुलं लग्नासारखी नटून जातात. आर्याने वर्गातल्या गाण्यासाठी पियानोची जागा मिळवली होती. “मार्चपर्यंत आपण इथे आहोत ना?” हे ती मला मराठीत विचारायची. एरवी ती माझ्याशी जपानीत बोलते, त्यामुळे ती मराठीत बोलली की प्रकरण गंभीर आहे हे मी ओळखते.

तर अशी हेलन येणार म्हणून आम्ही सेंदाईच्या पुढे डोंगरातला एक बंद टेस्ट कोर्स भाड्याने घेतला. आदल्या दुपारी मी सगळं जोडून, तपासून ठेवलं. सकाळी निघण्यापूर्वी रोजच्यासारखी तपासणी झाली. जपानी कारखान्यात ही पद्धत फार छान आहे. प्रत्येक वस्तूकडे बोट दाखवायचं, तिचं नाव घ्यायचं आणि मोठ्याने “योशी!” म्हणायचं. म्हणजे, ठीक आहे. दांडा, योशी! साखळ्या, योशी! वायर, योशी! सुरुवातीला मला हसू यायचं. आता मी घरून निघताना गॅसकडे बोट दाखवून योशी म्हणते.

हेलन पहिल्यांदा गाडीत चढली आणि आम्ही तिघेही पाहुणचाराच्या मागे लागलो. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

गाडी थांबल्यावर मी खाली उतरून डांबरावर आडवी झाले. रबर जळाल्याचा वास येत होता. पिन निघाली होती. ब्रेक पक्का लागला होता आणि बिचारी गाडी तशीच फरफटत चढावर आली होती. दांडा शाबूत, साखळ्या शाबूत. मग पिन निघाली कशी? मी वायर बोटाने चाचपली. ती तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणलेली होती. दिव्यांच्या केबलबरोबर तिची सुरेख मोळी बांधलेली. पांढरे प्लास्टिकचे पट्टे, सारख्या अंतरावर, टोकं कापून गुळगुळीत केलेली.

“नाइतोसान, हे तुम्ही बांधलंत?”

नाइतोसानचा चेहरा त्या पट्ट्यांइतका पांढरा झाला. “पाहुणी येणार होती,” ते म्हणाले. “वायरी लोंबत होत्या. बरं दिसत नव्हतं.”

मी त्यांना कुठल्या तोंडाने दोष देणार? पाहुणे जिना चढताना खुर्चीवरचे कपडे कपाटात कोंबणाऱ्या घरात मी वाढले आहे. सकाळी त्या वायरीकडे बोट दाखवून आम्ही सगळ्यांनी योशी म्हटलं होतं. वायर जागेवर होतीच. ती सैल आहे का, हे कोणी म्हटलं नाही.

“पण बझर?” मी विचारलं. पिन निघाली की ड्रायव्हरसमोर बझर वाजतो. कर्कश वाजतो. मीच तो तसा निवडला होता. एवढ्या मोठ्या घराच्या ड्रायव्हरला मागची गाडी अडली तरी कळत नाही, चढच वाटतो, म्हणून तर बझर.

कुरोदासान आत गेले आणि डॅशबोर्डखालून एक स्पंजचा तुकडा घेऊन आले. वर चिकटपट्टी.

“तो स्वतःला तपासायला मधेमधे वाजतो,” ते मान खाली घालून म्हणाले. “पाहुणीच्या बोलण्यात व्यत्यय नको म्हणून.”

आता माझी पाळी होती. मागचा कॅमेरा, ब्रेकचा दाब, सगळं माझ्या लॅपटॉपवर दिसत असतं, काही बिघडलं की लाल अक्षरांत. टेस्ट चालू असताना मी त्याच्यासमोरून हलायचं नाही, हा माझाच नियम. त्या सकाळी लॅपटॉप मिटलेला होता. त्याच्यावर चिवड्याचा डबा होता. आणि ब्रेकची इंजिनिअर चालत्या गाडीत, पट्टा न लावता, उभं राहून आग्रह करत होती.

कुरोदासान हेलनसमोर कमरेत वाकले ते वर येईचनात. “सगळी जबाबदारी माझी,” ते म्हणाले. नाइतोसानही वाकले. मीही वाकले. डोळ्यांसमोर पियानो दिसत होता. संपलं, असं मला स्वच्छ वाटलं आणि रडूच फुटायच्या बेतात होतं.

हेलन आमच्या तीन पाठींकडे बघत उभी होती.

“म्हणजे वायर, बझर आणि लॅपटॉप, तिन्ही गोष्टी तुम्ही माझ्यासाठी बंद केल्या?”

“हो,” मी म्हणाले.

“मी आले नसते तर?”

“तर काहीच झालं नसतं.”

ती हसली नाही. खाली वाकून तिने टायर पाहिले, पिन हातात घेतली. “पिन निघाल्यावर ब्रेक लागला, आणि लागलेलाच राहिला,” ती स्वतःशीच म्हणाली. “गाडी आडवी झाली नाही.” मग माझ्याकडे वळली. “टायर बदला. वायर पुन्हा अशीच बांधा. अगदी अशीच, घट्ट. बझर मोकळा करा. पुन्हा त्याच वळणावर जाऊ. आणि आता मी इथे नाही असं समजा.”

तिचं म्हणणं माझ्या लक्षात आलं आणि जिवात जीव आला. चूक मुद्दाम पुन्हा करायची आणि यंत्र ती पकडतं का ते बघायचं. चांगला टेस्ट इंजिनिअर हेच करतो. मला आधी सुचायला हवं होतं.

नाइतोसानने सामानासाठी आणलेल्या व्हॅनमध्ये जादा चाकांचा संच अर्थातच होता, पुसून ठेवलेला. जेवणानंतर आम्ही पुन्हा निघालो. पण पाहुणी नाही असं समजणं आम्हाला कुठलं जमायला! नाइतोसानचा हात सारखा किटलीकडे जात होता. शेवटी हेलनने किटली स्वतःच्या मांडीवर घेतली. मी पट्टा लावून लॅपटॉपसमोर बसले. चिवड्याचा डबा मागे बंद कपाटात होता. आर्याच्या समारंभाचं काय व्हायचं ते पुढच्या वळणावर ठरणार होतं.

चढ आला. वळण आलं. माझ्या स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली आणि त्याच क्षणी बझर असा किंचाळला की कुरोदासान दचकून “माफ करा!” म्हणाले. कोणाला, कोण जाणे. त्यांनी गाडी थांबवली. मी मागे पाहिलं. धूर नव्हता. पांढरी गाडी आमच्या मागे अगदी सरळ उभी होती.

“आता सैल,” हेलन म्हणाली.

नाइतोसानने पट्टे कापले आणि वायर लोंबती सोडली. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दुःख होतं ते मी विसरणार नाही. त्याच वळणावरून आम्ही दोन्ही बाजूंनी गेलो. उतारावर जोरात ब्रेक लावून पाहिला. बझर गप्प. मागची गाडी न ढकलता, न रेंगाळता आमच्या मागून येत राहिली.

हेलनने ऑर्डर दिली, दोन अटी घालून. एक, बझरचा आवाज कोणालाही बंद करता येता कामा नये. दुसरी, वायर जुन्या टेलिफोनच्या दोरीसारखी वेटोळ्याची हवी. ती ताणली तर लांबते, सोडली तर आपोआप गोळा होते, त्यामुळे नीटनेटक्या माणसाला तिथे करण्यासारखं काही उरत नाही. जाताना ती म्हणाली, “आता तो डबा द्या.” डब्यासकट चिवडा ऑस्ट्रेलियाला गेला.

मार्चमध्ये आर्याने पियानो वाजवला. मी पहिल्या ओळीत बसून रडले. ती नंतर मला जपानीत ओरडली, तेव्हा सगळं पूर्वपदावर आल्याची खात्री पटली.

त्याच आठवड्यात मी दोघांना उरायासुला घरी जेवायला बोलावलं. कुरोदासान बूट काढून, मोज्यांत, अवघडून सोफ्यावर बसले. नाइतोसान मात्र स्वयंपाकघराच्या दाराशी थबकले. छताकडे बघून त्यांनी बोट वर केलं, आणि योशी म्हणालेच नाहीत.

मी वर पाहिलं. आमच्या घरात फोडणी दिली की छतावरचा धुराचा अलार्म बोंबलतो. पाहुण्यांना त्रास नको म्हणून मी त्याला सकाळीच आंघोळीची प्लास्टिकची टोपी घातली होती.

नवऱ्याने स्टुलावर चढून ती काढली. मी आमटीला फोडणी दिली. अलार्म जोरात वाजला, आर्याने कान झाकले, आणि कुरोदासान सोफ्यावरून उठून “माफ करा!” म्हणाले.

बरीच वर्षं ब्रेक तपासल्यावर मी शिकले ते एवढंच. पाहुणा आला की आधी आवाज करणाऱ्या वस्तू मोकळ्या आहेत का ते बघावं, आग्रह मागून करावा. आमच्या घरी आता फोडणी पाहुणे यायच्या आधीच होते.