ठेंगणी चौकट

सांगा, सांगा करून डोकं खाल्लंत. चहा पाजला की म्हाताऱ्याचं तोंड उघडतं, असं वाटतं काय तुमाला? बरं, ऐका एकदाचं.

परभणीच्या बसस्टँडमागं एक बंद गोदाम होतं. तिथला मी वाचमन. विद्यापीठाच्या नामांतराचं घोंगडं भिजत पडलं होतं, त्या दिवसांत मुंबईहून एक चित्रकार बाई आली. चित्रं सोडून तिनं गोदामात अंधारच मांडला! बिनकाट्यांचं घड्याळ, त्यावर मिणमिणता बल्ब. मधोमध दाराची लाकडी चौकट, ना भिंत ना छप्पर. दोरी बांधून वाट त्यातूनच ठेवलेली. बाहेर पाटी: 'काळ आणि रिकाम्या जागा'.

चौकट माझ्या घरची. पहिल्या जाळपोळीत आमची वस्ती जळाली, तवा घरातलं तेवढंच उभं राहिलं. बाईनं मागितली, मी दिली. ठेवून तरी काय करायची? बापानं मुद्दाम ठेंगणी केलेली. म्हणायचा, "येणारानं वाकून यावं." आता वाकतंय कोण! जो तो कपाळ आपटून घ्यायचा. आधी मी "वाका, वाका" ओरडायचो. मग सोडलं. रोज एक टेंगूळ, रोज एक किस्सा.

*

एक शेतकरी गाडी चुकली म्हणून बायकोला घेऊन आत शिरला. घड्याळाकडं बघत उभा.

"बाबा, ह्याला काटे न्हाईत की!"

"आर्ट हाय ते," मी म्हणलं.

तो बायकोला म्हणतो, "बस हितंच. येष्टीचंच घड्याळ हाय!"

*

एक बी.ए. झालेला गडी आला. इस्त्रीचा शर्ट, पिशवीत सर्टिफिकेटं.

"काका, रिकाम्या जागा कशाच्या? शिपाई का क्लार्क?"

मी चौकटीकडं बोट केलं. "एकच हाय. अन् ती माझी."

"म्हणजे वशिल्यानं आधीच भरली!" तणतणत निघून गेला.

*

कॉलेजचे एक सर पोरापोरींना घेऊन आले. "हा जो अवकाश आहे, त्याला सीमाच नाही..." असं म्हणत पुढं सरकले, अन् धाड्!

"सर," मी म्हणलं, "सीमा तितंच हाय."

*

माझी म्हातारी यायला तयार नव्हती. बाईनंच रिक्षा पाठवली. आली, चप्पल काढली, चौकटीच्या अलीकडंच थांबली. मग आत हात घालून उजवीकडं हवेत चाचपायला लागली. तिथं भिंतीत आमची देवळी होती.

"हितं माझी काडीपेटी असायची," म्हणली.

बाईचे डोळे भरून आले. "वंडरफुल!"

म्हातारीनं मला विचारलं, "काय म्हणायलीय ती?"

"काडीपेटी सापडली म्हणती."

दोघंबी हसलो. मग चौकट न ओलांडताच तिनं चप्पल घातली.

*

शेवटच्या दिवशी आमच्या गावचे एक मोठे शेतकरी आले, संगं जावई. वस्ती जळाल्यानंतर मी पारावर सगळ्यांपुढं ह्याच माणसाला विचारलं होतं, जाळायला तुमी होता का म्हणून. तवा मारुतीकडं हात करून म्हणले होते, "तुमच्या वस्तीत मी जन्मात पाय ठेवला न्हाई. तुझं घर कोणतं, तेबी ठाव न्हाई."

मी कोपऱ्यात स्टुलावर. त्यांनी मला बघितलं न्हाई. मागं तोंड करून जावयाला कापसाचा भाव सांगत सांगत चालले होते. हात चौकटीला लागला, जळक्या बाजूला. बोलणं तुटलं न्हाई, तोंड पुढं वळलं न्हाई. जेवढं वाकायचं बरोबर तेवढं वाकले, अन् टोपीसुदिक न घासता पलीकडं गेले.

मागून जावयाचं कपाळ धाड् करून आपटलं. चौकट हलली. भला पोरगा, कपाळ चोळत माझ्याकडं आला. "सॉरी बाबा. लागलं का कुठं तुमच्या चौकटीला?"

जावयानं माफी मागितली. सासऱ्याची राहिलीय. नाव लिहून घ्या: दिगांबरराव.